ज्येष्ठमधाचं पाणी

चिंधूभाऊ पाण्याचा पेला कधी कुणा बाईच्या हातात देत नसे. ड्रमाखाली विटांचा ओटा होता. त्यावर तो पेला ठेवी, तोटी सोडी, पेला काठोकाठ भरला की दोन पावलं मागं सरे आणि दोन्ही पंजे उघडून दाखवी. "पाहून घ्या बाई. माहा हात पान्याले लागला नाई." दिवसभर त्याचं हे एकच चालायचं. पूर्वी तिथं रांजण होता आणि पाणी ओगराळं बुडवून काढावं लागे. तोटीचा, झाकणाचा ड्रम त्यानं शेठजीच्या मागं लागून आणवला. कशासाठी आणवला ते आम्हा सगळ्या बायांना कळलं होतं.

ती जिनिंग, म्हणजे कापसाचा कारखाना, आर्वीच्या बाजूला होती. नाव सांगत नाही. मी तिथं अकरा हंगाम काम केलं. दिवाळीनंतर कापूस येऊ लागला की काम सुरू व्हायचं ते उन्हाळा पार तापेपर्यंत चालायचं. रेचा हे सरकी काढायचं मशीन; त्याच्यापुढं कापूस लोटायचा आणि त्यातली कवडी, म्हणजे किडका पिवळा कापूस, वेचून बाजूला टाकायची, हे बायांचं काम. वर पत्रे, आत मशीनची गरमी, हवेत रुईचे तंतू. मार्च लागला की त्या शेडीत माणूस उभ्या उभ्या वाळतो.

चिंधूभाऊ आधी तिथंच हमाल होता, रुईच्या गाठी उचलायचा. कंबर गेली तेव्हा शेठजीनं त्याला पाण्यावर बसवलं. उंच माणूस, कमरेत वाकलेला. सदरा जुना, पण निळीत बुडवलेला. जातीनं बौद्ध. आम्ही बाया बहुतेक कुणबी नाहीतर तेली. हे लिहिल्याशिवाय पुढचं काही समजणार नाही म्हणून लिहिते.

स्वभाव गोड नव्हता. गड्यांना तो मोठमोठ्यानं झापायचा. एखाद्यानं पेल्यातलं पाणी मातीत फेकलं की ओरडे, "काऊन बे, फेकाले घेतलं का? तुह्या बुढ्यानं हीर खंदली का अथी?" गडी हसत आणि पुन्हा भरून घेत. ते पाच-पाच, सहा-सहा पेले पीत. बायांना मात्र तो असा एक शब्द बोलत नसे. बाया येत, दोन घोट घेत, पेला ओट्यावर ठेवून परत फिरत. आम्ही लांब गेलो की तो पेला उचलून त्यात किती उरलं ते पाही. मी कापसाच्या ढिगाआडून खूपदा पाहिलं आहे. पेला तिरपा करी, मान हलवी आणि उरलेलं पाणी फाटकाजवळच्या लिंबाच्या रोपाला नेऊन टाकी. एकदा मी तिथून जात होते. मला ऐकू जाईल इतक्या आवाजात तो रोपाला म्हणाला, "तू पे बावा. तू काई जात इचारत नाई."

मी ऐकलं आणि पुढं गेले.

त्याच्या बायकोचं त्यानं एकदाच सांगितलं. जेवणाच्या सुट्टीत गड्यांशी बोलत होता. ती कुणाच्या तरी वावरात निंदायला गेली होती, ऊन लागलं, बांधावरच गेली. "बाटली भरेल होती बाजूले. पानी होतं न! प्याली नाई. काऊन नाई प्याली, थे आता कोनाले इचारू?" मग स्वतःच म्हणाला, "हात लावून पाह्यला बाटलीले. पानी ऊन होतं, चहावानी. असं मेलं पानी कोनाच्या नरड्यातून उतरन?"

ती गेली त्या दिवसापासून त्याच्या डोक्यात ते बसलं असावं. बाया पाणी पीत नाहीत याची त्यानं मनाशी दोन कारणं धरली होती. एक तर जात, नाहीतर चव. जात त्याच्या हातात नव्हती. चव होती.

आता माझी नातसून पाण्याच्या बाटलीत एक गोळी टाकते, ती फसफसते, पाणी संत्र्याचं लागतं, आणि म्हणे त्यात साखर नसते. "अशानं दिवसभर पाणी पोटात जातं आजी," असं ती सांगते. मी तिला म्हटलं, हे मला नवीन नाही. आमच्या जिनिंगमधल्या एका माणसानं यात चार वर्षं घातली.

पहिल्या वर्षी त्यानं गूळ केला. घरून काळा गूळ आणी, लिंबू पिळी, मिठाचे दोन खडे टाकी. चव चांगली होती, मी खोटं बोलणार नाही. पण पाणी दिसे नालीसारखं. आमच्यात सुशीला नावाची एक बाई होती, जिभेनं फार वाईट. पेला उजेडात धरून ती म्हणाली, "हे काय वो, पाय धुतले का याच्यात?" सगळ्या हसल्या. ड्रमाभोवती गांधीलमाशा यायला लागल्या त्या वेगळ्याच. एक मुकादमाला चावली आणि गूळ बंद झाला.

मग साखर. पाणी स्वच्छ दिसलं, त्याला वाटलं आता जमलं. पण साखरेचं पाणी ओठांना चिकटतं आणि आमच्या शेडीत रुई उडते. दुपारपर्यंत प्यालेल्या सगळ्या बायांना पांढऱ्या मिशा फुटल्या. गडी लोळून लोळून हसले. एक जण मला म्हणाला, "काय कौसल्याबाई, निवडनुकीले उभ्या राह्यता का?" शिवाय साखरेनं तहान भागत नाही, वाढते. तोंड चिकट होतं आणि आणखी पाणी मागतं. आणि ते आम्हाला अजिबात परवडणारं नव्हतं.

शेठजीच्या मुलानं सॅकरीन सुचवलं. बर्फगोळेवाले वापरतात ते, मोहरीएवढं टाकलं तरी ड्रम गोड. चिंधूभाऊनं ते आधी स्वतः पिऊन पाहिलं. तोंड वाकडं केलं, थुंकला, पुन्हा प्याला, पुन्हा थुंकला. "मोहरं गोड, मांगं कडू," म्हणाला. "हे मानसाले फशवाचं काम हाय. मी नाई पाजत." पुडी त्यानं परत नेऊन दिली. शेठजीच्या मुलाला ते आवडलं नाही. पाणी पाजणाऱ्या माणसानं चवीवर बोलावं हे त्याला कुठून आवडणार?

चौथ्या वर्षी त्यानं आर्वीच्या एका दुकानातून ज्येष्ठमधाच्या काड्या आणल्या. त्या ठेचून आदल्या दिवशी भिजत घालायच्या, बडीशेप टाकायची, सकाळी फडक्यातून गाळून ड्रमात ओतायचं. ते पाणी गोड लागे, पण नक्की कुठं गोड ते कळत नसे. ओठांना चिकटत नव्हतं, माशा येत नव्हत्या, घसा मऊ राही. रुईनं आमचे घसे कायम खरखरीत असत, त्यांना तर ते फारच बरं वाटे. सुशीलालाही नाव ठेवायला जागा सापडली नाही. तिनं शेजारणीच्या पेल्यात बोट बुडवून चाखलं होतं, मी पाहिलं.

आणि तरीही बाया दोनच घोट घेत. तो पेला उचलून पाही, तिरपा करी, रोपाकडे जाई.

खरं कारण आम्हा सगळ्या बायांना माहीत होतं. जिनिंगमध्ये संडास एकच, ऑफिसच्या मागं, कुलूप लावलेला. किल्ली मुनीमजीच्या खणात. ती मागायला वजनकाट्यावरून जावं लागे. तिथं कापूस घेऊन आलेले कास्तकार, गाड्यांचे ड्रायव्हर, दलाल बसलेले असत. बाई दाराशी उभी राहिली की मुनीम सगळ्यांपुढं विचारी, "किती टाइम लागन?" आणि सगळे इकडेतिकडे पाहत हसत. एकदा किल्ली मागितलेली बाई दुसऱ्यांदा मागत नसे. गडी भिंतीमागं जात. आम्ही सकाळी घरून निघताना चहासुद्धा अर्धा पीत असू आणि संध्याकाळपर्यंत धरून ठेवत असू. प्रत्येकीला उन्हाळी लागलेली असे, लघवीला जळजळ व्हायची. दोघींना मुतखडा होता. याबद्दल आम्ही आपसात बोलत असू, पण गड्यासमोर हा विषय काढायचा कसा? शिवाय आपण त्याचं पाणी पीत नाही ते जातीमुळं, असं त्याला वाटत असेल तर वाटू दे, खरं कारण सांगण्यापेक्षा ते बरं, असाही विचार होता. चार वर्षं त्या माणसाला आम्ही तसंच राहू दिलं.

आणि ते सगळं खोटंही नव्हतं. सुशीला आणि आणखी दोघी-तिघी जातीमुळंच पीत नसत. कामाला लागले तेव्हा, गुळाच्या आधीचे दोन हंगाम, मीही घरून बाटली नेत होते. कोणी विचारलं असतं तर सवय म्हणून सांगितलं असतं.

त्याच चौथ्या हंगामात त्याची सून प्रतिभा आमच्यात कामाला आली. बावीस-तेवीस वर्षांची पोरगी, चपळ, डोक्याला दुपट्टा बांधून काम करायची. पहिल्या दिवशी ती दोन-तीन पेले प्याली. दुपारी किल्ली मागायला गेली. दुसऱ्या दिवसापासून तीही दोन घोटांवर आली. सासरा समोर उभा असे म्हणून पेला ओठाला लावी, आणि तो वळला की उरलेलं पाणी स्वतःच मातीत ओती.

मार्च संपता संपता ती चक्कर येऊन पडली. कापसाच्या ढिगावर पडली म्हणून वाचली, दोन हात पलीकडं रेचा चालू होता. ऑटोत घालून दवाखान्यात नेली. चिंधूभाऊ आणि मी सोबत होतो. डॉक्टरीणबाईनं तिला आत नेऊन सगळं विचारलं. बाहेर येऊन चिंधूभाऊला एवढंच म्हणाली, "हिला पाणी पाजा. मूत्रपिंडाला सूज आहे. ही पाणीच पीत नाही."

पाणी पाजणं हे त्याचं कामच होतं. तो हात जोडून उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

"कौसल्याबाई, तुमी बोलाले आखडत नाई. मले एक सांगा. थे तं माह्या घरची हाय. माह्या हातचं जेवते. मंग थे काऊन नाई पीत?"

"तिले इचारा."

"सून हाय. थे मान खाली घालते, रडते. तुमी सांगा."

मी सांगितलं. "चिंधूभाऊ, पानी पेलं का मुताले जा लागते. तुमी भितीमांगं जाता. आमी कुठं जाचं?"

तो भिंतीकडं पाहत राहिला. मग ऑफिसकडं. "किल्ली हाय न?"

"हाय न. तुमी एकडाव लुगडं नेसून मांगून पाहा."

तो हसला नाही. "मंग पानी..."

"पानी गोडच होतं. कोनाले वाईट लागलं नाई."

"आन् थ्या सुशीलाबाई?"

"थे जातीनं नाई पीत. मीबी दोन सालं नाई पेली, त्याच्याच पायी. आता खोटं काऊन सांगू?"

"थे मले मालूम होतं," तो म्हणाला. "हे मालूम नव्हतं. आन् मी चार सालं पानी गोड करून राह्यलो."

त्याच दुपारी तो शेठजीकडं गेला. बायांसाठी किल्ली मोकळी ठेवा म्हणाला. शेठजी काट्यापाशी उभे होते, आजूबाजूला लोक होते. "चिंधू," शेठजी म्हणाले, "तुझं काम पाजायचं. काढायचं नाही." लोक हसले. आमच्यातल्याही दोघी हसल्या.

पुढच्या आठवड्यात शेठजी घरच्या लग्नाला बाहेरगावी गेले. मुनीम चहाला उठला तेव्हा चिंधूभाऊनं खणातून किल्ली काढली आणि लाल दोरा बांधून ड्रमाच्या ओट्यावर ठेवली, पेल्याशेजारी. मुनीम येऊन ओरडला. चिंधूभाऊ म्हणाला, "चोरली नाई. अथीच हाय. तुमाले लागली तं मांगून घ्या." शेठजी नसताना ती परत उचलून न्यायची मुनीमाची हिंमत झाली नाही.

पहिल्यांदा कोणी हात लावेना. मग मीच उचलली. माझ्यानंतर प्रतिभा, मग रांग. किल्ली घ्यायची, यायचं, ठेवायची, पेला भरून प्यायचं. आठ दिवस हे चाललं. दुपारी बारापर्यंत ड्रम रिकामा होई. चिंधूभाऊ बोटांनी ड्रमाचं बूड वाजवून पाही, टण् आवाज आला की बादल्या घेऊन निघे. वाकलेल्या कमरेनं दिवसातून दोनदा ड्रम भरी. सुशीलासुद्धा किल्ली नेई. पाणी घरच्या बाटलीतलं पी, पण नेई. त्या आठ दिवसांत जळजळ कमी झाली. हे आम्ही एकमेकींना सांगितलं. त्याला सांगितलं नाही.

नवव्या दिवशी शेठजी आले. बाया घडीघडी कामावरून उठतात, रेचा रिकामा फिरतो, असं मुनीमानं सांगितलं. पण तीस वर्षं राबलेल्या माणसाला किल्ली ठेवली म्हणून काढता येत नाही. म्हणून मुकादमानं एक कागद तयार केला. जेवणाच्या सुट्टीत आम्हाला ओळीनं उभं केलं. बायांमध्ये वाचता येणारी मीच, चौथी पास. कागद माझ्या हातात दिला. "वाच मोठ्यानं."

मी वाचलं. पाणी पाजणारा चिंधू हा पिण्याच्या पाण्यात झाडाच्या मुळ्या व इतर काही मिसळतो, त्यामुळे बायांना चक्कर येते, एका बाईस दवाखान्यात न्यावे लागले, तरी त्यास कामावरून कमी करावे, अशी आमची तक्रार आहे.

मुकादम म्हणाला, "पुढच्या हंगामाची यादीबी आजच करून राह्यलो. ज्याले याचं हाय त्यानं सही करा."

सुशीला पुढं झाली आणि अंगठा दिला. "मले तं त्याच्या हातचं पहिल्यापासूनच नोको होतं," म्हणाली. किल्ली मात्र तिनं त्या सकाळीही नेली होती. मग दुसरी, मग तिसरी. प्रतिभानं डोक्याचा दुपट्टा सोडला, झटकला आणि फाटकाबाहेर निघून गेली. माझी पाळी आली. मी सही केली. अंगठा देता आला असता, पण मला सही येते याचा मला नेहमी अभिमान होता. पूर्ण नाव लिहिलं.

चिंधूभाऊ ड्रमाजवळ उभा राहून हे पाहत होता. मुकादमानं कागद त्याच्यापुढं धरला. त्याला वाचता येत होतं, तो रोज पेपर वाचायचा. त्यानं सगळा कागद वाचला, खालपर्यंत. मग माझ्याकडं पाहून म्हणाला, "अक्षर चांगलं हाय तुमचं."

पेले धुऊन त्यानं ओट्यावर उपडे घातले आणि गेला.

त्याच्या जागी थंड पाण्याचं मशीन आलं. सोबत संत्र्याच्या पावडरीचा डबा, बायांनी पाणी प्यावं म्हणून. बाहेरची माणसं आली की शेठजी मशीन दाखवत आणि म्हणत, आमच्याकडं बायांना सरबत मिळतं. किल्ली परत खणात गेली. आम्ही दोन घोट घेत होतो आणि पेला ठेवत होतो. मी आणखी दोन हंगाम काम केलं. त्याच्या घरी मी कधी गेले नाही. त्याचं घर माहीत नव्हतं असं म्हणणार नाही.

शेवटचा पाहिला तो दोन वर्षांपूर्वी. मी लेकीकडं चालले होते. वाटेत एका फाट्यावर बस चहाला थांबली, शेजारी दुसरीही एक बस उभी होती. उन्हाळा होता. चहाच्या टपरीमागं पत्र्याचा संडास होता आणि त्याच्या दाराकडं पाठ करून एक म्हातारा उभा होता. खांद्याला बाईची पर्स, हातात पाण्याची बाटली. निळीच्या सदऱ्यावरून ओळखला. दार आतून कोणीतरी धरलेलं होतं. प्रतिभा बाहेर आली, टपरीकडं गेली, तिनं मला पाहिलं नाही. माझ्यापुढं आणखी एक बाई होती. ती दारापाशी गेली, आणि कडी तुटलेली पाहून परत फिरायला लागली. तो मान न वळवता म्हणाला, "जा बाई. कडी तुटली हाय, पन मी उभा हाओ. कोनी येत नाई."

ती गेली, आली. मग मी. मलाही त्यानं तेच सांगितलं, पाठमोऱ्यानंच. पावलांच्या आवाजावरून बाई आहे एवढंच त्याला कळलं असेल. मी आत गेले. पत्र्याच्या फटीतून त्याची पाठ दिसत होती. समोरून एक ड्रायव्हर विडी ओढत आला, त्याला त्यानं हातानं लांबूनच थांबवलं.

मी बाहेर आले. दोन शब्द बोलावे लागले असते, आणि माझा आवाज त्याला ओळखू आला असता. मी टपरीला वळसा घालून बसमध्ये जाऊन बसले. बस सुटली तेव्हा दारापाशी आणखी तिघी उभ्या होत्या आणि तो तसाच पाठ करून उभा होता.